गाडीतून काळा धूर येतोय? इंदूरच्या कारवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं कारपुरती आहेत, पेट्रोल आणि डिझेल दोन्ही. ट्रक-ट्रॅक्टरचं शास्त्र तेच, पण भाग वेगळे. वाचताना एक क्रम डोक्यात ठेवा: आधी हवा, मग सेन्सर, मग इंधन, आणि इंजिन खोलायची गोष्ट सगळ्यात शेवटी. आपल्याकडे बहुतेक गॅरेजमध्ये हा क्रम बरोबर उलटा चालतो आणि बिल तिथेच फुगतं.

काळा धूर म्हणजे नेमकं काय?

अर्धवट जळलेल्या इंधनाची काजळी. सिलिंडरमध्ये जितकं इंधन गेलं त्याला पुरेल इतकी हवा मिळाली नाही, किंवा इंधनाचं नीट बाष्प न होता ते थेंबाथेंबानं जळलं, की कार्बन उरतो आणि सायलेन्सरमधून बाहेर पडतो. रॉकेलच्या वातीच्या स्टोव्हवर वात जास्त वर काढली की पातेल्याचं बूड काळं व्हायचं, तोच प्रकार.

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल इंजिन हे प्रमाण सतत सांभाळत असतं, त्यामुळे ठीक असलेल्या पेट्रोल गाडीतून काळा धूर दिसायलाच नको. डिझेल इंजिन नेहमी गरजेपेक्षा जास्त हवेवर चालतं, पण डिझेल हवेत मिसळायला वेळ फार थोडा मिळतो. म्हणून एकदम अ‍ॅक्सिलरेटर दाबला की काजळी डिझेलमध्ये आधी दिसते.

काळा, निळा, पांढरा: फरक कसा ओळखू?

निळसर धूर आणि जळक्या तेलाचा वास म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. घट्ट पांढरा धूर, गोडसर वास आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) कमी होत जाणं म्हणजे हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनच्या डोक्याखालच्या सीलची शंका. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी निघणारी आणि पाच मिनिटांत विरणारी पांढरी वाफ ही नुसती वाफ असते, तिच्यामागे लागू नका.

खात्री करायची तर सायलेन्सरच्या तोंडापासून हातभर अंतरावर ओलं पांढरं फडकं धरा आणि कोणाला तरी दोन-तीनदा रेस द्यायला सांगा. कोरडी काळी भुकटी बसली तर काजळी, तेलकट डाग पडला तर ऑइल. पेट्रोल गाडी सकाळी सुरू केल्यावर सायलेन्सरमधून काळपट पाण्याचे थेंब जमिनीवर पडतात. ते साचलेलं पाणी आतली थोडी काजळी धुऊन आणतं, त्याला धूर समजू नका.

धूर दिसला तर गाडी तिथेच उभी करू की गॅरेजपर्यंत चालवत नेऊ?

बहुतेक वेळा चालवत नेता येते. तीन गोष्टी झाल्या तर मात्र थांबा: चेक इंजिनचा दिवा लुकलुकतोय, केबिनमध्ये कच्च्या पेट्रोलचा वास येतोय, किंवा टेम्परेचरचा काटा वर चढतोय. दिवा लुकलुकणं म्हणजे मिसफायर, एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेतला, वायू स्वच्छ करणारा भाग) जाऊन जळतं आणि तो भाग वितळवू शकतं, मग शे-दोनशेच्या प्लगचं काम कन्व्हर्टरवर जातं.

महिनोन्महिने असंच चालवलं तर जादा इंधन सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक वास घेऊन बघा. पेट्रोल-डिझेलचा वास येत असेल किंवा ऑइलची पातळी वाढलेली दिसत असेल, तर दुरुस्तीबरोबर ऑइलही बदला.

मेकॅनिककडे जाण्याआधी घरी काय बघता येईल?

धूर कधी येतो हे नीट टिपून ठेवा. निम्मं निदान इथेच होतं. फक्त सकाळी थंड इंजिनवर येतो? सिग्नलला उभं असतानाही येतो? फक्त ओव्हरटेक करताना? पिकअप कमी झालाय का, अ‍ॅव्हरेज पडलाय का? उभ्या गाडीत येणारा धूर इंजेक्टर (सिलिंडरमध्ये इंधन फवारणारा भाग) किंवा ईजीआर (जळालेला वायू परत इंजिनमध्ये सोडणारा व्हॉल्व्ह) यांच्याकडे बोट दाखवतो. ओढताना येणारा आणि पिकअप घेऊन जाणारा धूर टर्बोच्या हवेच्या रस्त्याकडे. थंड इंजिनवर येऊन गरम झाल्यावर जाणारा बऱ्याचदा सेन्सर किंवा इंजेक्टरकडे.

मग एअर फिल्टरचा डबा उघडा. माळव्यातल्या एप्रिल-मेच्या लूमध्ये आणि बायपासच्या बाजूच्या धुळीत फिल्टर कंपनीच्या वेळापत्रकाच्या बराच आधी भरतो. नवीन कॉलन्यांच्या बांधकामाजवळ राहणाऱ्यांनी तर दर सर्व्हिसला स्वतः बघावा. फिल्टर उन्हाकडे धरा. प्रकाश आरपार दिसत नसेल तर बदला. कॉम्प्रेसरची हवा मारायचीच असेल तर आतून बाहेर मारा, आणि लांबून. बाहेरून मारली तर धूळ कागदात आणखी खोल रुतते.

डब्यात उंदराचं घरटंही सापडतं. गाडी महिनाभर उभी असेल, विशेषतः जुन्या वाड्यांच्या वस्तीत, तर चिंध्या, कापूस, शेंगांची टरफलं सगळं निघतं. याची चेष्टा वाटेल, पण हवेचा पाइप अर्धा बुजवायला तेवढं पुरतं.

एक फरक लक्षात घ्या. डिझेल गाडीत भरलेला फिल्टर खरोखर धूर काढतो. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत सेन्सर हवा मोजून पेट्रोलही कमी करतो, त्यामुळे तिथे फिल्टरनं पिकअप जातो, धूर क्वचितच येतो. पेट्रोल गाडीला धूर असेल तर फिल्टर बदलून निश्चिंत होऊ नका.

डिझेल गाडी, टर्बो आहे. एका दिवसात पिकअप गेला आणि दाबलं की मागे काळे ढग. टर्बो गेला का?

गेला असेलही, पण आधी होज बघा. टर्बो हवा दाबून इंटरकूलरमधून इंजिनकडे पाठवतो. हा सगळा रस्ता रबरी होज आणि क्लॅम्पनी जोडलेला असतो. एखादा होज फाटला किंवा क्लॅम्पमधून निसटला की मोजलेली हवा वाटेतच निघून जाते. इंजिनला डिझेल मिळतं, हवा मिळत नाही. धूर आणि पिकअप जाणं एकाच दिवशी, अचानक झालं असेल तर माझा पहिला संशय नेहमी होजवर असतो.

खुणा सोप्या आहेत. दाबताना बॉनेटखालून 'सूंऽऽ' असा हवेचा आवाज येतो, पूर्वी नव्हता असा. जोडापाशी तेलकट ओल आणि तिच्यावर चिकटलेली धूळ दिसते. टर्बोच्या पाइपात ऑइलची हलकी वाफ असतेच, गळती झाली की ती बाहेर येऊन बसते. होज हातानं पिळून बघा, कारण चीर बऱ्याचदा खालच्या बाजूला असते आणि दाब आल्याशिवाय उघडत नाही. इंजिन बंद आणि थंड असताना हे करा. चांगल्या गॅरेजमध्ये पाइपात धूर सोडून गळती शोधायचं मशीन असतं. ते नसेल तर साबणाचं पाणीही चालतं.

होज ठीक असतील तर टर्बोचा दाब कमी-जास्त करणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरकडे जाणारी बारीक व्हॅक्यूम नळी बघा. उन्हानं ती कडक होऊन तडकते. ती फुटली तर टर्बो फिरतो पण दाब बनवत नाही. त्यानंतर अ‍ॅक्च्युएटर, त्याचा सोलेनॉइड, आणि मग टर्बो. टर्बो गेलेलाच असेल तर सहसा निळा धूर, शिट्टीसारखा चढता आवाज आणि ऑइल कमी होणं हेही सोबत असतं. शाफ्ट हातानं हलवून ढिलेपणा बघता येतो.

खर्चातला फरक समजून घ्या: होज-क्लॅम्पचं काम शेकड्यांत किंवा दोन-चार हजारांत आटोपतं, टर्बो दहा हजारांच्या पटीत जातो.

मेकॅनिक बॉनेट उघडल्याबरोबर म्हणतो, "भिया, नोजल गए." मानायचं का?

लगेच नाही. "टेस्ट करके बताओ उस्ताद" एवढंच म्हणा. नोझल, म्हणजे इंजेक्टर, काळ्या धुराचं खरं आणि नेहमीचं कारण आहे यात वाद नाही. टोकाची भोकं झिजली किंवा कार्बननं बुजली की फवारा बिघडतो आणि थेंब पडायला लागतात. पण हे न खोलता बरंचसं कळतं.

कॉमन रेल डिझेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं अशा गाडीत) स्कॅनरवर, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला जोडून आतली माहिती वाचणाऱ्या यंत्रावर, प्रत्येक सिलिंडरची करेक्शन व्हॅल्यू दिसते. इंजिन संथ चालू असताना कॉम्प्युटर कोणत्या सिलिंडरला किती डिझेल कमी-जास्त करतोय ते त्यातून समजतं. चारपैकी तीन शून्याच्या आसपास आणि एक लांब असेल तर गुन्हेगार सापडला. दुसरी लीक-बॅक चाचणी: चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या चार बाटल्यांत सोडायच्या आणि ठरावीक वेळात कोणती जास्त भरते ते बघायचं. जास्त भरणारा इंजेक्टर आतून गळतोय. एवढं झाल्यावर काढून डिझेल पंप-नोझलवाल्याकडे बेंचवर लावायचा.

बदललेला इंजेक्टर बऱ्याच गाड्यांत स्कॅनरनं कोड करावा लागतो. त्याच्या अंगावर छापलेला कोड कॉम्प्युटरला दिला नाही तर नवीन भागही धूर काढेल, आणि तुम्हाला सांगितलं जाईल की "अब पंप देखना पड़ेगा". तांब्याचा वॉशर दर वेळी नवा घालायला लावा.

आणि चालू इंजिनवर कोणालाही डिझेलची पाइप ढिली करू देऊ नका. जुन्या गाड्यांत उस्ताद लोक असंच करून सिलिंडर तपासायचे. कॉमन रेलमध्ये हजार बारच्याही वर दाब जातो, ती धार कातडी भेदून हातात शिरते आणि शस्त्रक्रियेची वेळ येते.

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीला काळा धूर असेल तर विचारा, मागच्या मालकानं पिकअपसाठी पंप 'वाढवून' घेतला होता का. डिझेलचा स्क्रू फिरवून ताकद मिळते, सोबत धूरही. कॅलिब्रेशन करून पूर्वपदावर आणता येतं.

ईजीआर साफ करायला सांगितलंय. गरज असते का?

असते. हा व्हॉल्व्ह सायलेन्सरकडे जाणाऱ्या वायूचा काही भाग परत इंजिनमध्ये सोडतो. काजळीनं तो उघडा अडकला की ताज्या हवेची जागा जळालेला वायू घेतो आणि उभ्या गाडीत, कमी वेगात धूर येतो. काढून, स्प्रेनं साफ करून बसवणं हे अर्ध्या दिवसाचं काम. शहरात कमी अंतर चालणाऱ्या डिझेल गाड्यांत हे होणारच.

पत्रा लावून ईजीआर बंद करून देणारे खूप आहेत. धूर कमी झाल्यासारखा वाटतो, पण नायट्रोजन ऑक्साइड वाढतात, चेक इंजिन लागतो आणि प्रदूषण यंत्रणेशी छेडछाड केल्याचा ठपका तुमच्या गाडीवर राहतो.

माझी बीएस ६ डिझेल आहे. तरीही काळा धूर दिसतो. हे शक्य आहे का?

ठीक गाडीत नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस ६ या प्रदूषण मानकात डिझेल गाड्यांना डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी जाळी असते. ती शाबूत असेल तर सायलेन्सरच्या आत बोट फिरवलं तरी जवळपास स्वच्छ निघतं. काळा धूर दिसला तर जाळी फुटली आहे किंवा कोणीतरी काढून टाकली आहे. सेकंड-हँड घेताना ही बोटाची परीक्षा जरूर करा, अर्थात सायलेन्सर थंड असताना.

मात्र मूळ दोष जाळीचा नसतो. आधी सांगितलेली होज, इंजेक्टर, ईजीआरची बिघाडं बीएस ६ मध्ये धूर न दाखवता जाळी भरत राहतात. वारंवार डीपीएफचा दिवा येत असेल तर तो तुमचा न दिसणारा काळा धूर आहे असं समजा.

सुदामा नगर ते पलासिया, पलासिया ते सुदामा नगर, एवढंच चालवणाऱ्यांना हा दिवा बिघाडाशिवायही येतो. साठलेली काजळी जाळायला जाळी साधारण ६०० अंशांपर्यंत तापावी लागते आणि सिग्नल ते सिग्नलमध्ये ते जमत नाही. दिवा आला की देवासच्या किंवा उज्जैनच्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं एकसारखी ६०-८० च्या वेगानं, एक गिअर खाली ठेवून चालवा. मध्येच बंद करू नका. दिवा लुकलुकत असेल किंवा इंजिनची ताकद कमी झाली असेल तर ही वेळ गेली, सर्व्हिस सेंटर गाठा. रोजचा प्रवास एवढाच असेल तर पुढची गाडी डिझेल घेऊ नका, हे माझं स्पष्ट मत.

पेट्रोल गाडी आहे. काळा धूर आणि अ‍ॅव्हरेज एकदम पडला. कुठून सुरुवात करू?

स्कॅनर लावा आणि फ्युएल ट्रिम वाचा. कॉम्प्युटर ठरलेल्या हिशेबापेक्षा किती पेट्रोल वाढवतोय किंवा कापतोय ते त्यात टक्क्यांत दिसतं. उणे-अधिक दहाच्या आत असेल तर ठीक. उणे पंधरा-वीस असेल तर कुठून तरी जास्त पेट्रोल येतंय आणि कॉम्प्युटर ते कापायची धडपड करतोय: गळका इंजेक्टर, फ्युएल प्रेशर रेग्युलेटर, हवा जास्त दाखवणारा सेन्सर. याउलट ट्रिम अधिक असूनही धूर असेल तर ऑक्सिजन सेन्सर खोटं बोलत असावा. त्याच्या आधी मॅनिफोल्डला (सिलिंडरमधून जळालेला वायू बाहेर नेणाऱ्या पाइपांच्या जोडाला) चीर असली तरी बाहेरची हवा शिरून तो 'पेट्रोल कमी आहे' असं सांगतो आणि कॉम्प्युटर आणखी ओततो. सेन्सर बदलण्याआधी गॅस्केटपाशी फट-फट आवाज ऐका.

कूलंट टेम्परेचर सेन्सर हा स्वस्त आणि दुर्लक्षित भाग. तो इंजिन कायम थंड असल्याचं सांगत राहिला तर कॉम्प्युटर पूर्ण वेळ थंडीचं जादा पेट्रोल देतो. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून ठेवणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकला असेल तरी असंच. जानेवारीत टेम्परेचरचा काटा अर्ध्यावर पोचतच नसेल तर इथून सुरुवात करा. बरेच मेकॅनिक थर्मोस्टॅट "यहाँ गर्मी में क्या काम" म्हणत काढून फेकतात. परत बसवून घ्या.

प्लग काढून रंग बघा. कोरडी काळी काजळी सगळ्यांवर सारखी असेल तर दोष सगळ्या इंजिनचा. एकाच प्लगवर असेल तर त्याचा इंजेक्टर, कॉइल किंवा तो प्लग.

कोणाकडे अजून कार्ब्युरेटरची जुनी गाडी जपलेली असेल तर चोक पूर्ण उघडतोय का आणि फ्लोट अडकला नाही ना, एवढं बघा. तिथे भरलेला एअर फिल्टरही धूर काढतो.

सीएनजीवर धूर नाही, पेट्रोलवर आहे. म्हणजे दोष पेट्रोलच्या बाजूचा?

बहुधा, पण यावरून खात्री होत नाही. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. मिश्रण बिघडलं तरी त्याची डोळ्यांना दिसेल अशी काजळी होत नाही, त्यामुळे बिघडलेला ऑक्सिजन सेन्सर सीएनजीवर लपून राहू शकतो. दोन्ही इंधनांवर फ्युएल ट्रिम वाचून घ्या. फक्त पेट्रोलवर बिघडत असेल तर इंजेक्टर बघा. कायम सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांचे पेट्रोल इंजेक्टर न वापरल्यानं चिकटतात, रोज थोडं पेट्रोलवर चालवा असं सांगतात ते यासाठीच.

इथेनॉलच्या पेट्रोलमुळे काळा धूर येतो का?

नाही. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे मिश्रण उलट पातळ होतं, म्हणजे इंधनाच्या मानानं ऑक्सिजन जास्त. अ‍ॅव्हरेज थोडा पडतो, जुन्या गाड्यांत रबरी भागांचा प्रश्न येऊ शकतो, पण काजळी त्याच्या माथी मारू नका.

भेसळीची गोष्ट वेगळी. पेट्रोलमध्ये रॉकेलसारखं जड काही मिसळलं तर धूर येतो. टाकी भरल्यावर लगेच सुरू झालं असेल तर पंपावर फिल्टर पेपर मागा. तो देणं त्यांना बंधनकारक आहे. शुद्ध पेट्रोलचा थेंब दोनेक मिनिटांत डाग न ठेवता उडून जातो.

ओंकारेश्वरला जाताना भेरू घाटात गाडी धूर टाकते, शहरात नाही. चिंता करावी?

पाच माणसं, सामान, एसी आणि चौथा गिअर असेल तर आधी गिअर उतरवा. कमी फेऱ्यांवर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की टर्बोला दाब बनवायला वेळ मिळत नाही आणि डिझेल पुढे धावतं. तिसऱ्यात धूर गेला तर गाडी ठीक आहे. नाही गेला तर वरच्या होजच्या प्रश्नाकडे जा, कारण चढावरच दाब सगळ्यात जास्त असतो. सेंधव्याच्या बिजासन घाटातून धुळे-नाशिककडे निघण्याआधी हे उरकून घ्या.

पीयूसीमध्ये नापास झालो तर?

डिझेल गाडीची चाचणी पूर्ण रेस देऊन स्मोक मीटरवर होते, पेट्रोलची कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनवर. बीएस ४ आणि बीएस ६ गाड्यांचं प्रमाणपत्र वर्षभर चालतं, त्याआधीच्या गाड्यांचं सहा महिने. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात प्रदूषणाच्या उल्लंघनाला १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स अपात्र होण्याची तरतूद आहे.

चाचणीला थंड गाडी नेऊ नका. दहा-पंधरा किलोमीटर चालवून इंजिन आणि सायलेन्सर तापलेलं असताना न्या. काठावरची गाडी एवढ्यानं पास होते. काठावरची नसेल तर होणार नाही. गाडी न तपासता मिळालेल्या कागदाचा धूर थांबवायला काही उपयोग नाही.

अ‍ॅडिटिव्ह, डीकार्बनायझिंग, इंजिन फ्लश?

चांगल्या कंपनीचं इंजेक्टर क्लीनर टाकीत घातल्यानं थोड्याशा बुजलेल्या नोझलला फरक पडतो. फाटलेल्या होजला पडत नाही. हायड्रोजनच्या मशीनवर तासभर गाडी लावून "इंजन नया" करून देणाऱ्यांकडे आधी आणि नंतर स्मोक मीटरचं रीडिंग मागा. बहुतेक ठिकाणी बोलणं तिथेच थांबतं.

स्वतःचा स्कॅनर घेऊ का?

घ्या. ईएलएम ३२७ जातीचा ब्लूटूथ स्कॅनर फोनला जोडला की पुरतं. पी०१७२ म्हणजे मिश्रणात इंधन जास्त, पी०२९९ म्हणजे टर्बोचा दाब कमी, पी०१०१ म्हणजे हवामापक सेन्सरचं रीडिंग बसत नाही, पी०४०२ म्हणजे ईजीआरचा वायू जास्त. कोड लक्षण सांगतो, भाग सांगत नाही. पी०२९९ आला म्हणून टर्बो बदलणाऱ्याला आधी होज दाखवायला सांगा. हवामापक सेन्सर साफ करायचा तर त्याचाच स्प्रे वापरा, फडकं किंवा पेट्रोल लावलं तर आतली बारीक तार गेली.

गाडी खूप जुनी आहे. दुरुस्त करू की विकू?

कॉम्प्रेशन चाचणी करून घ्या. चारही सिलिंडर जवळपास सारखे आणि कंपनीच्या मर्यादेत असतील तर वरचं कुठलंही काम करण्यासारखं आहे. एक-दोन सिलिंडर फार खाली असतील तर इंजिन उतरवावं लागेल, आणि मग तो हिशेब गाडीच्या किमतीशी लावायचा. दिल्लीसारखे जुन्या डिझेल गाड्यांवरचे निर्बंध इंदूरला नाहीत. १५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करताना मात्र फिटनेस तपासतात, तेव्हा धुराचं काम त्याच्या आधी करून आरटीओला जा.